दुपारी तू कोणाशी बोलायचीस, कमल?

कमल, काल तुझी तेरवी झाली. पंगत चांगली उठली. वांग्याची भाजी आचाऱ्यानं जरा जास्तच तिखट केली होती, तू असतीस तर त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतंस, पण बाकी नाव ठेवायला जागा नव्हती. आलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बाई, चालती-बोलती गेली, मरण यावं तर असं. मी पदर तोंडाला लावून बसले होते. त्यांना वाटलं मी रडते आहे. रडून झालं होतं माझं आधीच. मला राग आला होता, आणि जिच्या तेरवीला बसलो तिच्यावरच रागावलेलं तोंड चारचौघींत दाखवता येत नाही, म्हणून पदर.

तो राग अजून उतरलेला नाही. तू असतीस तर भिंतीवरून ओरडून मी मोकळी झाले असते. तूही चार शब्द परत फेकले असतेस, संध्याकाळी वाटीभर काहीतरी पाठवलं असतंस आणि प्रकरण मिटलं असतं. आपली सगळी भांडणं अशीच मिटली. हे एकच भांडण तू असं लावलंस की मी तोंड उघडायच्या आधीच उठून गेलीस. म्हणून लिहायला बसले. तुला लिहिलेलं वाचायचा कंटाळा, हे मला माहीत आहे. न वाचता ऐकून घे.

वडनेरला आपण एकाच उन्हाळ्यात सुना म्हणून आलो. तू पिंपळगाव राजाची, मी धामणगाव बढ्याची. तू सातवी शिकून शेतात गेलीस, मी डी.एड. करून शाळेत. पोरांना दिवसभर शुद्ध बोलायला शिकवून मी घरी यायचे, आणि त्याच सुरात तुझ्याशी एखादं वाक्य बोलले की तू हात जोडायचीस. ‘मास्तरीणबाई, शाया सुटली. आता माणसावानी बोल.’ तुझ्या प्रशांतच्या लग्नात पुण्याच्या विहीणबाई तुझ्याशी अगदी छापील बोलत होत्या. मी तुला हळूच कोपर मारून म्हटलं, जरा नीट बोल. तर तू सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, ‘ज्याले माही बोली समजते तो माहा. ज्याले नाई समजत त्यानं शिकावं.’ विहीणबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मला लाज वाटली आणि आतून बरंही वाटलं. तुझं हेच मला आवडायचं.

पुढे दोघींचे मालक गेले, आधी माझे, मग तुझे. पोरं नोकरीच्या गावी, तुझा प्रशांत पुण्याला, माझा नागपूरला. दोन घरं, दोन म्हाताऱ्या, मधे चार बोटांची भिंत. तेव्हा तुझ्या ओट्यावर शेंगा फोडत आपण ठरवलं होतं. पोरांकडे जाऊन कोपऱ्यात बसायचं नाही. आपल्या घरी, आपल्या गल्लीत, एकमेकींच्या जिवावर राहायचं. आणि एकीला काही झालं तर तिनं आधी दुसरीला सांगायचं. पोरांना नंतर, डॉक्टरला नंतर, आधी भिंतीपलीकडे. हे तूच मांडलं होतंस, मी नुसती मान डोलावली.

आणि तू ते निभावलंसही, माझ्या वेळी. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यात थेंब घालायला तू घड्याळ पदराखाली घेऊन यायचीस. मी म्हणायचे, थोडं पुढेमागे झालं तर काय बिघडतं. तू मला उताणी झोपवून, कपाळावर हात दाबून म्हणायचीस, ‘गपचूप पड. डोया तुहा हाये पण जिम्मेदारी माही हाये.’ माझ्या औषधांत तू एक वेळ चुकवली नाहीस. म्हणून तर तुझ्याबद्दल माझ्या मनात कधी पाल चुकचुकली नाही. रोज सकाळी मी न्हाणीतून हाक मारायचे, ‘कमल, बीपीची गोयी घेतली काय वं?’ आणि तू पलीकडून, ‘घेतली वं माय, घेतली. तू घे तुही.’ भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ते काय उगाच?

आपलं खरं बिनसलं ते तू न्हाणीत घसरलीस तेव्हा. मनगट सुजलं होतं, हाड वाचलं. मी प्रशांतला फोन केला. करणारच होते. त्यानं मला तुझ्यासमोर, तुझ्याच बैठकीत बसून सांगितलं होतं, ‘मावशी, आई सोताहून काही सांगणार नाई. तुमच्या भरवशावर तिले इथं ठेवून राह्यलो. काही झालं तर आंधी मले फोन करजा.’ मी त्याला शब्द दिला होता. तुलाही दिला होता. दोन शब्द दोघांना दिले होते आणि दोन्ही पाळता येतील असं मला वाटत होतं. तो लगेच आला आणि तुला पुण्याला घेऊन गेला. अख्खा पावसाळा तू तिकडे, आणि तुझ्या अंगणात गवत गुडघ्याएवढं.

परत आलीस ती तणतणतच. पिशवी ओट्यावर आपटलीस आणि सुरू झालीस. ‘तिथं मले कोणी कमल म्हणत नाई वं. लिफ्टमधी आजी, बागेत आजी, घरी आई. नावच गेलं माहं. दार उघडलं का समोर दुसरं दार, तेही बंद.’ मी हसले, तर बोट माझ्याकडे वळलं. ‘तू नोको हासू. तू माह्या पोराची जासूस हायेस.’

‘हाड मोडलं असतं तर?’ मी म्हटलं.

‘मोडलं असतं तर जुळलं असतं. घर सुटलं का नाई जुळत.’

मला तेव्हा तुझं पटलं नव्हतं. आजही पटत नाही. परत घसरली असतीस तर मी परत फोन केला असता, हे तुला तोंडावर सांगते. तू काही दिवस अबोला धरलास. मग एके दिवशी अंबाडीची भाजी पाठवलीस, वर लसणाची फोडणी, आणि मी समजले की मिटलं. मिटलं नव्हतं. त्या दिवसापासून तू मला खरं सांगायचं बंद केलंस आणि ताकास तूर लागू दिली नाहीस.

त्या दिवाळीला सुनेनं, मेघानं, तुला नवा फोन दिला. दिवाळी सरली, पाहुणे गेले, आणि तुझं दुपारचं बोलणं सुरू झालं. जेवणं आटोपून गल्ली सामसूम झाली की भिंतीपलीकडून तुझा आवाज यायचा. तुझाच आवाज, पण तुझा वाटायचा नाही. ‘मला पायऱ्या चढताना धाप लागते. काय करावे?’ मी तांदूळ निवडत होते, हात थांबला. कमल? आणि ‘करावे’? थोड्या वेळानं पुन्हा, सावकाश, एकेक शब्द सुटा, ‘मला कोरडा खोकला येतो. आडवे झाल्यावर जास्त येतो. कृपया उपाय सांगा.’ मग एका बाईचा आवाज, संथ, एका सुरातला. तिचे शब्द भिंतीतून कळायचे नाहीत, नुसती गुणगुण यायची.

मी काय समजावं? मी समजले सुनेचा फोन. पुण्याची सून, तिच्यापुढे सासू छापील बोलायला लागली. आधी मला हसू फुटलं. सुनेला ‘कृपया’! म्हटलं फारच कडक दिसते ही पोरगी. मग हसू ओसरलं आणि टोचायला लागलं. खोकला तुला, भिंतीला लागून मी, आणि सांगतेस कोणाला, तर शेकडो कोसांवरच्या सुनेला. सकाळी मी मुद्दाम उकरून काढायचे. ‘खोकला कसा हाये?’ तू म्हणायचीस, ‘कायचा खोकला? फोडणीचा ठसका होता.’ मी मनात म्हणायचे, सांगायचं असेल तर तिची ती सांगेल, एवढा मान मलाही आहे.

एकदा राहवलं नाही. उन्हात गोधडी घालताना टोमणा मारलाच, ‘सुनबाईसंग लय शुद्ध बोलून राह्यली आजकाल. शिकवणी लावली काय?’ तू गोधडीचं टोक हातात धरून माझ्याकडे पाहिलंस. आता बोलशील असं मला वाटलं. मग तू हसलीस आणि म्हणालीस, ‘लावली ना.’ झालं. नाही म्हणायची संधी मी तुझ्या हातात दिली होती, कमल. तू ती गोधडीबरोबर वाळत घातलीस आणि मला महिनोन् महिने त्या बिचाऱ्या मेघावर जळू दिलंस.

आणि त्या चपला. संक्रांत झाली आणि तू मालकांच्या जुन्या चपला घालून फिरायला लागलीस. दुकानात त्याच, देवळात त्याच, गल्लीभर फटफट वाजवत. मी विचारलं, ‘काऊन वं, माणसाच्या चपला घालून राह्यली?’ तू पायांकडे बघत म्हणालीस, ‘त्यायची आठवण येते.’ मी तिथेच डोळ्यांना पदर लावला. तू आयुष्यात कधी नवऱ्याबद्दल असं बोलली नव्हतीस. मी ते घरोघरी सांगत सुटले, बघा गं, कमलचं प्रेम बघा. चार बायकांनी डोळे पुसले. तुझे पाय सुजले होते. तुझ्या स्वतःच्या चपला तुझ्या पायात जात नव्हत्या. मेलेल्या नवऱ्याचं नाव पुढे करून तू मला रडवलंस, आणि मी रडले.

फोनवर व्हिडिओत औषधं सांगणारा एक दाढीवाला होता, तो तेवढा तू लपवला नाहीस, उलट मलाच दाखवायला आणायचीस. लसणाची पाकळी कोमट पाण्यात, अर्जुनाच्या सालीचा काढा, आणि बीपीच्या गोळ्या म्हणजे किडनीचं वाटोळं, असं तो मांडी घालून, हसत हसत सांगायचा. मागे पितळी हंडे मांडलेले. मी विचारलं, ‘हा डॉक्टर हाये काय?’

‘डॉक्टरपक्षा बरा. तुह्या डॉक्टरनं तुले कधी दहा मिनिटं देल्ली? कागद लिहिते अन पुढचा म्हणते. हा अर्धा घंटा समजावून सांगते.’

‘अवं, तो अर्धा घंटा साऱ्या दुनियेले सांगते. तुही नाडी पाह्यली काय त्यानं?’

‘अन डॉक्टरनं पाह्यली काय?’

तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, कारण तुझं अगदीच खोटं नव्हतं. नंबर लावून दुपारपर्यंत बाकावर बसायचं आणि आत गेल्यावर नीट बसायच्या आधी बाहेर यायचं, हे दोघींनी केलेलं आहे. आज उत्तर सुचतं. तू डॉक्टरला काही सांगितलंच नव्हतंस, तर तो काय बघणार होता? पण मला वाटलं, ऐकतेस करमणूक म्हणून. तुझ्या घरातून काढ्याचा वास यायचा, तो सांधेदुखीचा असं तूच सांगितलं होतंस. आणि गोळी तर रोज सकाळी घेतली म्हणत होतीस ना.

मग तो पापडांचा दिवस. माझ्या अंगणात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. पापड लाटण्यात तुझा हात धरणारी वडनेरात कोणी नव्हती, आणि तू म्हणालीस, ‘मी लाट्या तोडते, लाटा तुमी.’ बायकांनी चेष्टा केली, कमलबाई आता सासू झाली म्हणून. तू हसलीस. पण लाट्या तोडतानाही तू थांबत होतीस. मी पाणी दिलं. ‘ऊन लागलं,’ म्हणालीस. मग पोळपाट सरकवून भिंतीला टेकलीस, ओठ काळेनिळे झाले आणि श्वासागणिक छातीतून घरघर यायला लागली. पिठाचे हात तसेच घेऊन आम्ही तुला जीपमध्ये घातलं आणि नांदुऱ्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता, घाई न करणारा. त्यानं तुलाच विचारलं, कधीपासून त्रास आहे? तू माझा हात घट्ट धरला होतास. तुला बोलता येत नव्हतं तरी बोललीस, ‘आजच.’ त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, आयुष्यभर पोरांची खोटी कारणं पकडलेली बाई, छातीठोकपणे म्हणाले, ‘हो डॉक्टर, कालपर्यंत अगदी चांगली होती.’ त्यानं तुझ्या साडीचा काठ जरा वर सारला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. ‘आजी, हे आजचं नाही,’ तो हळूच म्हणाला. तू डोळे मिटून घेतलेस. हात सोडला नाहीस, पण माझ्याकडे बघायला नको म्हणून डोळे मिटलेस, हे मला कळलं. तिथून ऑक्सिजन लावून खामगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तुला आत घेतलं, मला बाहेर बसवलं, आणि बाहेर बसल्या बसल्याच ते झालं.

तुझा माझ्यासमोरचा शेवटचा शब्द ‘आजच’ हा आहे. एवढ्या वर्षांची शेजारीण तू, आणि जाताना माझा हात धरून मला साक्षीला घेऊन खोटं बोललीस.

दहावा झाल्यावर मेघा तुझं स्वयंपाकघर आवरत होती, मी मदतीला गेले. डबे पुसताना मी तिला म्हटलं, ‘तुझ्यावर फार जीव होता तिचा. रोज दुपारी तुझ्याशीच तर बोलत बसायची.’ मनात होतं ते गिळून म्हटलं, कारण सून असली तरी तिची आई गेल्यासारखंच होतं. ती हातातलं फडकं घेऊन तशीच उभी राहिली. ‘माझ्याशी? नाही मावशी. दुपारी मी ऑफिसात असते. आमचं रविवारी बोलणं व्हायचं, तेही पाच मिनिटं. बरं आहे ना, बरं आहे. संपलं.’

मग कोणाशी? मी जे ऐकलं होतं ते तिला सांगितलं. पायऱ्या, धाप, खोकला, कृपया. ती ऐकता ऐकता जमिनीवर बसली. ‘मीच शिकवलं, मावशी. दिवाळीत. आईंना टाइप करणं जमत नव्हतं, म्हणून माइक दाबून फोनला प्रश्न विचारायला शिकवलं. उत्तरही तोच वाचून दाखवतो. पण त्यांचं बोलणं त्याला कळायचंच नाही, भलतंच काहीतरी दाखवायचा. तर त्या म्हणाल्या, थांब, आमची मास्तरीण शाळेत बोलते तसं बोलून पाहू. आणि मग त्याला कळायला लागलं.’

म्हणजे माझा आवाज घेऊन गेलीस तू. ज्या बोलीची तू जन्मभर टर उडवलीस, विहिणीपुढे जी तोंडातून काढली नाहीस, ती माझी शाळेतली बोली उचललीस आणि तिच्यात तुझं सगळं दुखणं एका यंत्राला सांगितलंस. मला माझ्या बोलीतही सांगितलं नाहीस आणि तुझ्याही नाही. सुनेवर मी जळत होते तेव्हा निदान ती माणूस तरी होती.

मेघानं तुझा फोन उघडला आणि तू विचारलेलं हळूहळू वाचायला लागली. ती वाचायची आणि पुढचा शब्द मला आधीच ठाऊक असायचा. एक प्रश्न मात्र मी ऐकलेला नव्हता. ‘एकट्या राहणाऱ्या बाईने मुलाला न कळवता घरच्या घरी पायांची सूज कशी उतरवावी?’ मेघानं फोन पालथा घातला. पण उत्तरं काय होती तेही आम्ही पाहिलं होतं. मीठ कमी करा, पाय उंच ठेवा, आणि प्रत्येकाच्या शेवटी, धाप आणि सूज असेल तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. फोननं तुला फसवलं असतं तर मला त्याच्यावर तरी चिडता आलं असतं. तो खरं सांगत होता. ते तुला नको होतं, म्हणून तू विचारत राहिलीस, हवं ते सांगणारा भेटेपर्यंत, आणि मग दाढीवाला भेटला. गोळ्यांची पाकिटं त्याच दिवशी फडताळात मागे सापडली, एकही गोळी न काढलेली.

मला कळत नाही असं समजू नकोस. मला सांगितलं असतंस तर मी प्रशांतला सांगितलं असतं. तो तुला घेऊन गेला असता, दाराला कुलूप लागलं असतं, आणि तिकडे तू पुन्हा कुणाचीतरी आजी झाली असतीस. तू तुझं घर धरून ठेवलंस. त्या घराला लागून मी होते, म्हणजे मलाही धरून ठेवलंस, असंही म्हणता येईल. तेवढा हिवाळा तू मला दिलास. उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलल्या, हुरडा खाल्ला, कोणाच्या सुनेनं काय केलं ते सगळं बोललो. चांगले दिवस होते, आणि त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. पण ते दिवस आता मला सुखानं आठवता येत नाहीत. एकेक आठवते आणि शोधत बसते, इथे तिला धाप लागली होती का, हसली तेव्हा पाय ठणकत होते का. ते दिवसही तू मागे ठेवले नाहीस.

आणि एक गोष्ट तू मला विचारलीसच नाहीस. कमल, तुझ्यासाठी मी प्रशांतला दिलेला शब्द मोडला असता का, हे मला विचारायचं होतंस. मोडला असता की नाही, देव जाणे. मी तुझ्याशी आधी कडाकडा भांडले असते. पण मग कदाचित आपण दोघी बाजाराच्या नावाखाली एस.टी.नं नांदुऱ्याला गेलो असतो, त्या तरुण डॉक्टरला तुझे पाय दाखवले असते, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या असत्या, रोज सकाळी मी समोर उभी राहून तुला त्या गिळायला लावल्या असत्या. घरही राहिलं असतं आणि तूही. असाही एक रस्ता होता. तो तुला फोननं सांगितला नाही, कारण भिंतीपलीकडे मी आहे हे फोनला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

काल पंगती उठल्यावर प्रशांत माझ्या ओट्यावर आला. डोकं तुळतुळीत, डोळे लाल. मेघा मागे दाराशी थांबली. तो बसला नाही. म्हणाला, ‘मावशी, खामगावचे डॉक्टर म्हणत होते, हे कईपासूनचं हाये. दम, पायाची सूज, समदं. जवयच्या माणसाले दिसल्याबिगर राहत नाई, म्हणत होते.’ मग त्यानं विचारलं, ‘तुमाले मालूम होतं काय?’

मी मेघाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. तिनं त्याला फोनमधलं काही सांगितलेलं नाही हे मला कळलं. कसं सांगेल? ‘मुलाला न कळवता’ हे शब्द कोणती बायको नवऱ्याला वाचून दाखवेल?

मला खरं सांगता आलं असतं. नाही रे बाबा, मला काही माहीत नव्हतं, तुझ्या आईनं जसं तुला तसंच मलाही फसवलं. आलं होतं तोंडापर्यंत. पण ते सांगितलं की पुढचं सगळं आलं, की मग तिनं लपवलं कशासाठी, आणि आपल्या घरी यायला नको म्हणून आई मेली, हे त्या पोराला जन्मभर घेऊन हिंडावं लागलं असतं. हे एक कारण. लोकांना सांगायला तेच बरं. दुसरं फक्त तुला सांगते. कमलनं मला सांगितलं नाही, हे मला माझ्या तोंडानं म्हणवेना.

‘हाव,’ मी म्हणाले. ‘मालूम होतं. तिनं मले सगळं सांगतलं होतं.’

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी शाळेत छडी खाल्ल्यावरही त्यानं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. ‘अन तुमी मले नाई सांगतलं.’

‘नाई सांगतलं.’

मेघानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी तिला डोळ्यानं दटावलं. प्रशांत वळला. पुण्याला निघताना तो नेहमी माझ्या पाया पडायचा, काल पडला नाही. गाडी गल्लीच्या बाहेर गेली. आज सकाळी पोचलास का विचारायला फोन केला, त्यानं उचलला नाही. मला नाही वाटत तो आता कधी उचलेल.

तर आता तुझ्या पोराच्या लेखी दगा मी दिला. तू नाही. मी तुला माफ केलेलं नाही, कमल, आणि करीन असंही काही दिसत नाही. पण आता जगात एक माणूस तरी असं मानतो, की तुला पहिल्यांदा दम लागला तेव्हा तू येऊन मला सांगितलं होतंस.